फुटाळ्याची रात्र छापताना

नागपूरच्या फुटाळा तलावाचा, लाकडी ठोकळ्यावरून छापलेला तुझा ठसा पाहिला. रेघेत जीव आहे, पण रात्र नुसती काळीकुट्ट झाली आहे. थेट काळी शाई लावू नकोस. आधी प्रशियन निळा छाप, तो वाळला की त्यावर पातळ काळा. १८३०च्या सुमारास हिरोशिगे या जपानी ठसा-चित्रकाराच्या पिढीने हाच निळा मनापासून वापरला आणि आकाश वरून खाली विरत नेलं. त्या तंत्राला बोकाशी म्हणतात. लाकडी ठोकळा ओल्या फडक्याने पूस, ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग लाव आणि आडवा फिरव. ओलाव्यात रंग आपसूक फिका होत जातो. पहिले आठ-दहा ठसे बिघडतील, बिघडू देत.

दिव्यांना पांढरा रंग नको. तेवढी जागा कोरून काढ, कोरा कागदच उजळतो. पाण्यातलं प्रतिबिंब मात्र सलग पट्ट्यासारखं ठेवू नकोस. आडव्या, तुटक फटींत कोर, नाहीतर तळं गोठल्यासारखं वाटतं.

आणि आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी छापायला बसूच नकोस, ओलवलेला कागद हातातच सुकतो. पहाटे बस. त्याआधी एकदा रात्री वही घेऊन काठावर जा आणि बघ, पलीकडची झाडं आकाशापेक्षा किती गडद दिसतात ते.