दोन तुकड्यांतलं सोयाबीन राज्याच्या पीक स्पर्धेत चालतं का?

तुमचं सोयाबीन एका गटात 25 गुंठे आणि दुसऱ्या गावच्या शिवारात 20 गुंठे आहे, असं तुम्ही लिहिलंय. नाही, अशी बेरीज करून अर्ज बसणार नाही. कृषी विभागाच्या पीक स्पर्धेच्या पत्रकात त्या पिकाची किमान 40 आर (म्हणजे साधारण 40 गुंठे) सलग लागवड हवी, अशी अट असते. तुमचे एकूण 45 गुंठे होतात खरे, पण अडतं ते 'सलग' या शब्दावर. कारण साधं आहे. उत्पादन ठरतं ते कापणीच्या वेळी समितीसमोर घेतलेल्या वजनावरून. आपण सांगितलेल्या पोत्यांना तिथे किंमत नाही. छोट्या तुकड्यातलं निवडक पीक दाखवून हेक्टरी आकडा फुगवता येऊ नये, म्हणून क्षेत्र एकत्र असणं मला तरी रास्त वाटतं. शिवाय जमीन स्वतःच्या नावावर हवी आणि ती स्वतः कसणारा हवा.

पुढच्या खरिपात 40 आर एकाच ठिकाणी पेरता आलं, तर हे जमवून ठेवा:
- सातबारा आणि आठ-अ (खाते उतारा)
- स्पर्धेचं क्षेत्र खुणा करून दाखवलेला नकाशा
- प्रवेश शुल्काचं चलन
- बँक पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत

सोयाबीनच्या अर्जाची मुदत अलीकडे 31 ऑगस्ट असते, मूग-उडदाची महिनाभर आधी. मात्र अटी, शुल्क आणि तारखा दर हंगामाच्या पत्रकात बदलू शकतात. त्यामुळे पेरणीआधीच तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करा. पेरणी झाल्यावर क्षेत्र वाढवता येत नाही.