ठिबकच्या व्हिडिओत बोलायचं किती?

प्रश्न : आमची कंपनी ठिबक संच विकते. शेतकऱ्यांसाठी ‘संचाची देखभाल’ हा पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. माझी संहिता साडेआठशे शब्दांची झालीय. निवेदक म्हणतो, बसत नाही. कापली तर माहिती जाते. मसुदा सोबत जोडलाय. – एक वाचक, सांगली

उत्तर : निवेदकाचं खरं आहे. घाईने वाचलं तर साडेआठशे शब्द बसतीलही, पण बघणाऱ्याला ऐकता ऐकता हात कुठे जातोय तेही बघायचं असतं. अशा व्हिडिओत मराठी निवेदन मिनिटाला १०० ते ११० शब्दांच्या वर नेऊ नका. हाताचं काम चालू असताना मध्ये गप्पही राहावं लागतं. ते धरून पाच मिनिटांना ४०० शब्द पुरे.

माहिती जात नाही, ती चित्रात जाते. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा : डावीकडे दिसतं ते, उजवीकडे ऐकू येतं ते. फिल्टरबद्दल तुमचं वाक्य आहे, ‘लाल झाकणाखालील जाळी हळुवारपणे बाहेर काढून वाहत्या पाण्याखाली ब्रशने स्वच्छ करावी.’ लाल झाकण, वाहतं पाणी हे सगळं डावीकडे गेलं. उजवीकडे एवढंच उरतं : ‘जाळी काढा. मऊ ब्रशने धुवा. तारेने घासू नका, जाळी फाटते.’ का, किती, केव्हा हे मात्र बोलावंच लागतं. फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात साधारण अर्धा किलोचा (चौरस सेंटिमीटरला) फरक पडला, की जाळी धुवायची. मसुद्यात हे कुठेच नाही! दोन्ही दाबमापकांचे काटे जवळून चार सेकंद दाखवा आणि हे वाक्य त्यावर घ्या.

‘फिल्टर उघडण्यापूर्वी पंप बंद करून दाब शून्यावर आल्याची खात्री करावी’ हे व्याकरणाला धरून आहे, पण कानावर आधी पडतं ते ‘फिल्टर उघड’. हात ज्या क्रमाने चालतो त्याच क्रमाने लिहा : ‘पंप बंद करा. काटा शून्यावर येऊ द्या. आता फिल्टर उघडा.’

ॲसिड प्रक्रियेच्या, म्हणजे नळ्यांत साचलेले क्षार ॲसिडने विरघळवण्याच्या, भागाची आम्हाला खरी काळजी वाटते. तिथे ‘ॲसिड मिसळा’ आधी आहे आणि हातमोजे, चष्मा दोन ओळींनी खाली. तोवर कॅन उघडलेला असेल. पहिलं दृश्य मोजे घालण्याचं हवं. मग प्लास्टिकच्या बादलीत पाणी, मग त्या पाण्यात हळूहळू ॲसिड. ‘आधी पाणी, मग ॲसिड’ हे दोनदा बोला आणि कारणही सांगा : ॲसिडवर पाणी ओतलं तर उष्णतेने ते उसळून अंगावर येतं. पडद्यावरच्या अक्षरांत हेच शब्द ठेवा. बोललेलं एक आणि लिहिलेलं दुसरं असलं, तर बघणारा दोन्हींना मुकतो.

प्रश्न : मंजुरीच्या वेळी प्रत्येक विभाग आपलं वाक्य घुसवतो. – तेच वाचक

उत्तर : चित्रीकरणाआधी एकाच माणसाची अंतिम सही ठरवून घ्या, आणि वाढीव वाक्य मागणाऱ्याला विचारा, याच्या बदल्यात कोणतं काढू? संचालकांचं मनोगत वेगळ्या व्हिडिओत जाऊ द्या. निवेदकाच्या प्रतीत ‘०.५’ असा आकडा ठेवू नका, ‘अर्धा किलो’ असं अक्षरी लिहा. नाहीतर ‘शून्य दशांश पाच’ रेकॉर्ड होऊन येईल.