इतिहासातला असा कुठला फोटो आहे जो एकदा बघितला की विसरता येत नाही?

माझ्यासाठी तरी १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमधला. २०० मीटरच्या मेडल सेरेमनीत अमेरिकेचे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस मान खाली घालून, काळा ग्लोव्ह घातलेली मूठ वर करून उभे आहेत, तिकडे काळ्या लोकांवर होणाऱ्या अन्यायाचा निषेध म्हणून. जरा झूम करून बघा, स्मिथचा उजवा हात वर आहे आणि कार्लोसचा डावा, कारण कार्लोस स्वतःचे ग्लोव्हज विसरला होता मग एकच जोडी दोघांनी वाटून घेतली. पायात बूट नाहीत, नुसते काळे मोजे, ते गरिबी दाखवायला. दोघांनाही टीममधून काढून घरी पाठवलं.

पण मला सगळ्यात जास्त भिडतो तो पुढे शांत उभा असलेला गोरा ऑस्ट्रेलियन, पीटर नॉर्मन. लोकांना वाटतं याचा काय संबंध, पण त्याच्या छातीवरही मानवी हक्कांचा तोच बॅज आहे आणि ग्लोव्हज वाटून घ्यायची आयडियाही त्याचीच! २००६ मध्ये तो गेला तेव्हा खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस खास ऑस्ट्रेलियाला गेले होते. आणि त्याचं त्या रेसमधलं २०.०६ सेकंदांचं टायमिंग ऑस्ट्रेलियाचं रेकॉर्ड म्हणून थेट २०२४ पर्यंत टिकलं.