कंपनी-पुरस्कृत पीएचडी स्वीकारावी का? खरा खर्च चौथ्या वर्षी सुरू होतो

प्रश्न असा आहे: वय 29, पिंपरी-चिंचवडमधील ऑटोमेशन कंपनीत पाच वर्षे पूर्ण होण्यास एक महिना बाकी, हातात पगार 92,000 रुपये, मूळ वेतन 48,000. पत्नी बँकेत, हातात 48,000. घरकर्जाचा हप्ता 27,500 आणि 7 लाख रुपयांच्या मुदत ठेवी. मुंबईतील केंद्रीय संस्थेत यंत्रमानवासाठी मशीन लर्निंग या विषयात पीएचडीला प्रवेश मिळाला आहे. फेलोशिपव्यतिरिक्त एक पुरस्कर्ती कंपनी तीन वर्षे दरमहा 25,000 रुपये देणार असून पदवीनंतर तिथे दोन वर्षे नोकरीचे बंधन आहे. नोकरी सोडावी का, आणि सोडण्यापूर्वी ठेवी मोडून कर्ज कमी करावे का?

आपण पत्रात 92,000 चा पगार आणि 62,000 (37,000 फेलोशिप अधिक कंपनीचे 25,000) यांची तुलना केली आहे, म्हणजे दरमहा 30,000 रुपयांचा तोटा. ही तुलना पहिल्या दोन वर्षांपुरतीच खरी आहे. 1 जानेवारी 2023 पासून कनिष्ठ फेलोशिप 37,000 आणि दोन वर्षांनंतरची वरिष्ठ फेलोशिप 42,000 रुपये आहे. त्यामुळे तिसऱ्या वर्षी आपले उत्पन्न 67,000 होईल. मात्र कंपनीचे पैसे 36 महिन्यांनी थांबतील आणि प्रबंध त्या मुहूर्तावर पूर्ण होईलच असे नाही. साडेचार वर्षांचा काळ धरून आणि सध्याच्या पगारात दरवर्षी 8 टक्के वाढ गृहीत धरून मी हिशेब केला. नोकरीत हातात येणारी रक्कम सुमारे 57 लाख, तर पीएचडीच्या मार्गाने साडेतीस लाख. नोकरीत भविष्य निर्वाह निधीत आपण आणि सध्याची कंपनी अशा दोन्ही बाजूंनी जमा होणारे सहा लाखांहून अधिक त्यात मिळवले, तर या पदवीची खरी किंमत 33 लाखांच्या घरात जाते.

ही किंमत वसूल होऊ शकते, पण लवकर नाही. पदवीनंतर आपल्याला, एरवी मिळाला असता त्यापेक्षा, दरमहा 40,000 रुपये जास्त मिळाले, तर साधी वसुली सात वर्षांत होते आणि उशिरा मिळणाऱ्या पैशाचे मोल दरवर्षी 8 टक्क्यांनी घटते असे धरले तर दहा वर्षांहून अधिक लागतात. त्यातली पहिली दोन वर्षे बंधनाची असल्यामुळे त्या काळातला पगार बाजार नव्हे, तर ती कंपनी ठरवणार आहे. वयाच्या पस्तिशीच्या आत पदवी हातात पडत असेल, तर हा व्यवहार मला अवाजवी वाटत नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावरील व्यक्तीला मी वेगळे उत्तर दिले असते.

माझी खरी काळजी कराराविषयी आहे. आपला विषय आहे टोपलीत अस्ताव्यस्त पडलेले सुटे भाग यांत्रिक हाताने अचूक उचलणे. संगणकातील आभासी टोपलीत शिकवलेली प्रणाली तेलकट, चकाकणाऱ्या कास्टिंगसमोर, म्हणजे धातूच्या ओतीव भागांसमोर, अडखळते, म्हणून आपल्याला कंपनीच्या शॉप फ्लोअरवरील प्रत्यक्ष नोंदी लागणारच. म्हणजेच प्रबंधाचा कच्चा माल पुरस्कर्त्याच्या ताब्यात आहे. पत्रासोबतच्या मसुद्यात शोधनिबंध प्रसिद्ध करण्यापूर्वी कंपनीची लेखी संमती आवश्यक आहे, परंतु ती किती दिवसांत द्यावी याची मुदत नाही. शेवटच्या टप्प्यात ही संमती सहा महिने रखडली, तर 1,25,000 रुपयांचा संभाव्य पगार आणि 42,000 ची फेलोशिप यांतील फरकाने आपले सुमारे पाच लाख जातील. ही मुदत 60 दिवसांची करून घ्यावी आणि त्यात उत्तर न आल्यास संमती गृहीत धरली जावी. त्याचबरोबर कंपनीने प्रकल्प बंद केला तरी तोवर गोळा झालेल्या नोंदी प्रबंधासाठी वापरता येतील, असे वाक्य हवे.

दुसरे कलम बंधनाचे. मध्येच सोडल्यास मिळालेले सर्व पैसे, म्हणजे कमाल 9 लाख, 12 टक्के व्याजासह परत करायचे आहेत. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 नुसार न्यायालय ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते, पण त्या आशेवर सही करू नये. जितके महिने नोकरी होईल तितक्या प्रमाणात परतफेड घटावी, आणि कंपनीने पदवीनंतर नोकरीच दिली नाही तर बंधन आपोआप संपावे, हे आत्ताच लिहून घ्यावे. हे दोन बदल त्यांनी नाकारले, तर त्यांचे 25,000 सोडून केवळ फेलोशिपवर प्रवेश घेता येतो का, हे मार्गदर्शकांना विचारावे. प्रधानमंत्री संशोधन फेलोशिपबद्दलही विचारावे, कारण तिचा मूळ दर पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा 70,000 रुपये असून 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत 10,000 फेलोशिप जाहीर झाल्या आहेत.

आता ठेवींबद्दल. त्या कर्जात भरू नयेत. आपला घरखर्च 42,000, आई-वडिलांना 8,000, वसतिगृह आणि ये-जा 12,000 व हप्ता मिळून आज 89,500 होतात. पहिली तीन वर्षे शिल्लक पडेल, चौथ्या वर्षी महागाईमुळे दरमहा चार-पाच हजारांची तूट येईल. एवढी तूट सोसता येते. परंतु त्याच सुमारास मूल व्हावे असा आपला विचार आहे. पत्नीची 26 आठवड्यांची पगारी रजा संपल्यावर त्यांनी आणखी सहा महिने बिनपगारी रजा घेतली, तर तूट दरमहा 60,000 वर जाईल आणि त्या काळात नवे कर्ज सहजी मिळणार नाही. म्हणून 7 लाख जसेच्या तसे ठेवावेत आणि पहिल्या तीन वर्षांच्या शिलकीतून दरमहा 12,000 ची आवर्ती ठेव सुरू करावी.

राजीनाम्यापूर्वी ग्रॅच्युइटीची, म्हणजे पाच वर्षे नोकरी झाल्यावर मिळणाऱ्या रकमेची, खात्री करा. 48,000 मूळ वेतनावर पाच वर्षांचे सुमारे 1 लाख 38 हजार होतात. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले असल्यास हक्क मिळतो, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. तरीही वाद टाळण्यासाठी संस्थेकडे महिनाभर उशिरा रुजू होण्याची परवानगी मागणे सोपे. भविष्य निर्वाह निधी काढू नये, मात्र नोकरी सोडल्यानंतरचे व्याज करपात्र असते हे ध्यानात ठेवावे.

मुदत विमा पगार चालू असतानाच घ्या, कारण संरक्षणाची रक्कम उत्पन्नावर ठरते. सध्याच्या कंपनीचा समूह आरोग्य विमा सुटण्याआधी कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसीही घ्या, म्हणजे पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आतापासून मोजला जाईल.

फेलोशिप 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10(16) नुसार करमुक्त होती. पुरस्कर्त्या कंपनीचे 25,000 वेतन ठरले तरी नव्या करप्रणालीतील 12 लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे इतर उत्पन्न फारसे नसताना कर लागणार नाही. तरीही हे पैसे संस्थेमार्फत शिष्यवृत्ती म्हणून यावेत, कारण पूर्णवेळ फेलोशिप घेताना अन्यत्र वेतन घेण्यावर संस्थेचे निर्बंध असतात. त्याबाबत संशोधन विभागाचे लेखी उत्तर आल्याशिवाय राजीनामा देऊ नये.