गळ्यातला पट्टा कुठल्या रंगाचा?

नमस्कार ताई,

पत्र दोनदा वाचलं. मुलगी यंदा बी.कॉम. झाली, हातात दोन नोकऱ्या आहेत आणि घरात दोन पक्ष पडलेत. एक नोकरी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स), परदेशी बँकेच्या केवायसी म्हणजे ग्राहकांची ओळख तपासणाऱ्या विभागात, 'पॅकेज' वर्षाला २ लाख ६४ हजार. दुसरी फोर्टात, बॅलार्ड इस्टेटला, कस्टम्स क्लिअरिंगच्या म्हणजे आयात माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या फर्ममध्ये, महिना १६ हजार हातात. तुम्ही दोघी बीकेसीच्या बाजूने. तिचे बाबा १९९१ पासून दलाल स्ट्रीटवरच्या ब्रोकरकडे, त्यामुळे त्यांचा जीव फोर्टात. आणि तुमचा प्रश्न : "बीकेसीत पगार जास्तच असतात ना?"

असतात, पण कुणाचे ते बघायला हवं. मागे एका कामासाठी तिथल्या एका टॉवरच्या लॉबीत पाऊण तास बसून होतो. संध्याकाळी सहाला लिफ्टमधून पोरं-पोरी उतरू लागल्या. काहींच्या गळ्यात ओळखपत्राचा निळा पट्टा, काहींच्या नारिंगी. शेजारच्या गार्डला विचारलं. तो म्हणाला, "निळा कंपनीचा, नारिंगी कॉन्ट्रॅक्टचा. बसतात एकाच मजल्यावर." त्याच्या स्वतःच्या गळ्यात तिसराच पट्टा होता, सिक्युरिटी एजन्सीचा. शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी, एनएसई हा शेअर बाजार, हिरे बाजार, मोठ्या बँका एवढं सगळं एका जागी आल्यावर तिथली पगाराची सरासरी फुगणारच. पण त्या सरासरीत बँकेचे मोठे सौदे करणारा डीलिंग रूमवालाही आला आणि पॅन्ट्रीत चहा करणारा मुलगाही. तुमच्या मुलीचा पगार ठरणार तो पट्ट्यावरून.

म्हणून आधी ऑफर लेटर कुणाच्या लेटरहेडवर आहे ते बघा. पत्रात तुम्ही बँकेचं नाव लिहिलंय, पण 'मनुष्यबळ पुरवणारी कंपनी फॉर्म भरून घेते आहे' असंही ओघात लिहून गेलात. मला तिथेच शंका आली. नारिंगी पट्टा दिसतोय.

आता २ लाख ६४ हजारांचा हिशोब. महिन्याला २२ हजार झाले. बेसिक त्याच्या निम्मं, ११ हजार धरू. कंपनीने भरायचा पीएफ १,३२० आणि ग्रॅच्युइटीचे सव्वापाचशेच्या वर, हे दोन्ही पॅकेजमध्येच मोजलेले असतात. हे वजा जाता पगार २१ हजारांच्या आत येतो, म्हणून ईएसआयसी हा सरकारी आरोग्य विमा लागू, त्यातला कंपनीचा वाटाही यातूनच. मग मुलीचा स्वतःचा पीएफ आणखी १,३२०. प्रोफेशनल टॅक्स मात्र नाही. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. हातात येतील साधारण १८ हजार.

तरीही निव्वळ पैशात बीकेसीच पुढे आहे, हे बाबांनाही सांगा. १८ हजार हातात, वर दरमहा पीएफ खात्यात जमा. बॅलार्ड इस्टेटच्या त्या फर्ममध्ये २० पेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ देणं त्यांच्यावर बंधनकारकच नाही, आणि छोट्या फर्मचे मालक 'हातात' हा शब्द उगाच वापरत नाहीत. प्रवासाचं म्हणाल तर डोंबिवलीहून सीएसएमटी लांब खरं, पण गाडीतून उतरलं की चालत ऑफिस. बीकेसीला कुर्ल्याला उतरायचं आणि शेअर रिक्षाची रांग धरायची. पावसाळ्यात ती रांग एकदा मुलीला दाखवून आणा.

कामाचं पारडं मात्र दुसरीकडे झुकतं. केवायसीत पहिली दोन वर्षं कागद तपासण्यात जातात, आणि तेच काम आता सॉफ्टवेअर उचलायला लागलंय. हे बाबांना जास्त कळेल. ते लागले तेव्हा शेअर सर्टिफिकेटांचे गठ्ठे बगलेत मारून या ऑफिसातून त्या ऑफिसात न्यायचे, सह्या जुळवायच्या, यासाठी फोर्टात माणसांची फौज होती. १९९५ ला बीएसईच्या रिंगणातली आरडाओरड जाऊन स्क्रीन आली, १९९६ ला शेअर कागदाऐवजी कॉम्प्युटरवरच्या खात्यात ठेवणारी डिपॉझिटरी आली, आणि पुढच्या काही वर्षांत ते गठ्ठेही गेले आणि ती फौजही गेली. बाबा कसे टिकले, हे मुलीने त्यांना एकदा नीट विचारावं. माझ्या कुठल्याही करिअर टेस्टपेक्षा ते कामाचं आहे.

क्लिअरिंगमध्ये बिल ऑफ एंट्री हा आयातीचा फॉर्म भरणं, मालाचा एचएसएन कोड म्हणजे कुठल्या वर्गातला माल ते ठरवणं, ड्युटीचा हिशोब हे शिकायला मिळतं. कोड चुकला तर कंटेनर अडकतो, म्हणून ज्याचा हात बसलाय त्याला मालक सहजी सोडत नाही. फर्ममध्ये राहून कस्टम्सची परीक्षा पास केली की फर्मच्या वतीने कस्टम्समध्ये काम करायचं जी कार्ड मिळतं, पुढे स्वतःच्या लायसन्सची परीक्षाही आहे. फक्त फोर्टाचा मोह बाबांनी सोडावा. १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनरचा बराचसा धंदा खाडीपलीकडे गेला. या धंद्यातली तिची पुढची नोकरी बहुधा बेलापूर नाहीतर उरणकडची असेल. डोंबिवलीकराला ते वाईट नाही, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल आहेच.

माझं मत विचाराल तर : ऑफर लेटर बँकेच्या लेटरहेडवर असेल तर बीकेसी, आणि सोबत एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची एखादी परीक्षा, म्हणजे केवायसीतून बाहेर पडायला दार राहील. एजन्सीचं ११ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर बॅलार्ड इस्टेट. पण तिथेही आधी विचारायचं की तिला सिस्टीमवर बसवणार की नुसतं फाइलिंग आणि कुरिअर. फाइलिंगच असेल तर दोन्ही सोडा, महिनाभर थांबा.

बीकेसीवाल्यांनी शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलंय म्हणता. आज रात्रीच मुलीने एचआरला ईमेल करावा, दोनच ओळींचा : मी कुणाच्या पेरोलवर असेन, आणि कॉन्ट्रॅक्ट असेल तर किती महिन्यांचं? फोनवर विचारू नका. लेखी उत्तर आलं की मला पाठवा.