गाडी संध्याकाळी अडते, पण माल सकाळीच अडलेला असतो

तुमच्या गोदामाबद्दलच्या प्रश्नातल्या तक्रारी अशा: दुकानांच्या गाड्या रोज दोन-दोन तास उशिरा सुटतात, सिस्टममध्ये स्टॉक दिसतो पण पिकरला (ऑर्डरप्रमाणे माल काढणाऱ्या माणसाला) लोकेशनवर, म्हणजे नेमून दिलेल्या जागेवर, सापडत नाही, डॉकवर (गाड्या उतरवायच्या फलाटावर) पाय ठेवायला जागा नसते, आणि संध्याकाळच्या शिफ्टला आठ माणसं वाढवूनही फरक पडला नाही. आता वरिष्ठ आणखी रॅक आणि आणखी माणसं द्यायला तयार आहेत, तर ती घ्यावीत का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता दोन्हीही घेऊ नका. आधी इनवर्डकडे, म्हणजे आलेला माल उतरवून घेण्याच्या भागाकडे, बघा. मी इनवर्ड, पिकिंग आणि डिस्पॅच तिन्ही ठिकाणी शिफ्ट चालवल्या आहेत. संध्याकाळच्या गोंधळाचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा सकाळी उतरवून तसाच उभा ठेवलेला माल सापडतो. डिस्पॅचला वाढवलेली माणसं तिथे येऊन त्याच मालाची वाट बघतात.

एका गोदामात असाच प्रकार होता. मी पहिल्या दिवशी कोणालाच काही विचारलं नाही. शांपूच्या खोक्यांचं एक पॅलेट (फळीवर रचलेला खोक्यांचा ढीग) निवडलं आणि वही घेऊन दिवसभर त्याच्या मागे राहिले. गाडीतून ते पावणेदहाला उतरलं. मोजणी लगेच झाली, पण चलानावर खोके लिहिले होते आणि खरेदीच्या ऑर्डरमध्ये नग. त्यामुळे जीआरएन (माल मिळाल्याची सिस्टममधली नोंद) करणारा मुलगा सुपरवायझरची वाट बघत बसला. जीआरएन झाला सव्वाबाराला. लेबल काढून चिकटवायला पाच मिनिटं लागली. मग रीच ट्रक (उंच रॅकवर पॅलेट चढवणारी-उतरवणारी गाडी) हवा होता, तर तो पिकिंगसाठी वरच्या रॅकवरून माल खाली काढण्यात अडकलेला. दुपारी शिफ्ट बदलली. नव्या शिफ्टच्या कोणाला ते पॅलेट आपलं वाटलंच नाही. साडेपाचला ते इनवर्डला जिथल्या तिथे उभं होतं, प्लास्टिकची गुंडाळी एका कोपऱ्यात फाडलेली, आणि आत तीन दुकानांच्या ऑर्डरमध्ये तोच शांपू शॉर्ट (कमी) पडत होता. रॅकवर ते चढलं दुसऱ्या दिवशी सकाळी. जवळजवळ चोवीस तासांत त्याला माणसाचा हात लागला तो सगळा मिळून वीस-बावीस मिनिटं.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. सव्वाबाराला जीआरएन झाल्या क्षणी सिस्टमने तो स्टॉक विक्रीयोग्य धरला आणि दुकानांच्या ऑर्डरना वाटूनही टाकला. पिकर लोकेशनवर गेला तेव्हा तिथे काहीच नव्हतं. चोरी नाही, मोजणीची चूक नाही, माल फक्त पन्नास पावलांवर उभा होता. तुमच्या डब्ल्यूएमएसमध्ये (गोदामाच्या संगणक प्रणालीत) ‘आला पण जागेवर लागला नाही’ अशी वेगळी स्थिती ठेवता येते का ते तपासा. बिन (रॅकवरचा ठरलेला कप्पा) स्कॅन होईपर्यंत तो स्टॉक पिकिंगला दिसता कामा नये. एवढ्या एका बदलाने पिकरच्या फुकट फेऱ्या झपाट्याने कमी होतात.

आता डॉकवर जागा नसण्याबद्दल. याला एक साधा हिशोब आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची गणिती सिद्धता दिली आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एखाद्या जागेत सरासरी किती माल उभा असेल, तर तासाला येणारा माल गुणिले प्रत्येक नगाचा तिथे थांबण्याचा सरासरी वेळ. समजा इनवर्डला ६० पॅलेटची जागा आहे आणि तासाला १५ पॅलेट उतरतात. म्हणजे प्रत्येक पॅलेट सरासरी चार तासांच्या आत तिथून हलायलाच हवं. पाच तास लागायला लागले की ७५ पॅलेटची जागा लागते. जास्तीची १५ कुठे उभी राहणार? गल्लीच्या तोंडाशी. मग रीच ट्रकला वळसा पडतो, पुटअवे (माल रॅकवर नेऊन लावणं) आणखी मंदावतो, पाचाचे सहा तास होतात आणि ९० पॅलेटची जागा लागते. तुम्ही जागेच्या तुटीची तक्रार करताय, पण हिशोबात जागा ठरलेलीच आहे. तुमच्या हातात आहे तो थांबण्याचा वेळ.

म्हणून एक नियम लावा आणि त्यावर ठाम राहा. इनवर्डच्या फरशीवर पिवळे पट्टे मारा, पट्ट्यांत जेवढी पॅलेट मावतात तेवढीच उभी राहतील. पट्टे भरले की पुढची गाडी उतरवायची नाही, उतरवणारी माणसं पुटअवेला जातील. पहिले काही दिवस वाहतूकदार आरडाओरडा करतील, खरेदी विभागाचे फोन येतील. हा नियम मोडायचा दबाव सगळ्यांत जास्त तुमच्याच वरिष्ठांकडून येईल, कारण उभी गाडी खिडकीतून दिसते आणि उभं पॅलेट दिसत नाही. त्यांना वर दिलेला गुणाकार कागदावर मांडून दाखवा.

गाड्या उभ्या राहू नयेत यासाठी त्यांच्या वेळा ठरवून द्याव्या लागतील. पुरवठादार सगळे सकाळी नऊलाच येतात का? येत असतील तर डॉक कितीही वाढवा, रांग लागणारच. एकच डॉक आहे, गाड्या वाटेल तेव्हा येतात आणि उतरवायचा वेळही कमीजास्त होतो, अशी साधी रांग धरा. डॉक ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर येणाऱ्या गाडीला सरासरी चार गाड्या उतरवण्याइतका वेळ वाट बघावी लागते. ९० टक्क्यांना तो नऊ गाड्यांइतका होतो आणि ९५ ला एकोणीस. ‘अजून थोडं ताणू’ म्हणत आपण ज्या शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांत काम करतो तिथेच सगळी वाट साचते. वेळा वाटून दिल्या की हा कमीजास्तपणा कमी होतो आणि तेवढ्याच डॉकवर रांग आखूड होते. शिवाय कोणती गाडी आधी घ्यायची हे आलेल्या क्रमाने ठरवू नका. आज रात्री ज्या मालाची दुकानांना गरज आहे तो ज्या गाडीत आहे, ती आधी.

मोठ्या पुरवठादारांकडून गाडी निघण्याआधी मालाची यादी मागवा आणि प्रत्येक पॅलेटवर १८ आकडी एसएससीसी (त्या पॅलेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लेबल लावायला सांगा. एका स्कॅनमध्ये त्या पॅलेटवर काय आहे ते सिस्टममध्ये येतं. खोके आणि नग यांच्या वादात अडीच तास गेले, तसे जाणार नाहीत. ज्यांना हे जमत नाही त्यांच्याशी निदान एकक ठरवून घ्या. एका खोक्यात किती नग हे मास्टरमध्ये (सिस्टममधल्या मालाच्या मूळ नोंदीत) चुकीचं असणं हा माझ्या अनुभवात इनवर्ड अडण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकार आहे. रोज दहा एसकेयू (मालाचे वेगवेगळे प्रकार) तपासून घ्या.

जो माल आजच्या ऑर्डरमध्ये आधीच मागितलेला आहे तो रॅकवर चढवूच नका. इनवर्डवरून थेट आउटवर्डच्या स्टेजिंगला (गाडीत चढवण्याआधी माल ठेवायच्या जागेत) नेऊन दुकानवार वाटा. याला क्रॉस-डॉकिंग म्हणतात. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही, इनवर्ड आणि ऑर्डरची यादी एकाच वेळी एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर असावी लागते. मात्र सगळ्याच मालाला ते लावू नका. गाडी हमखास वेळेवर येते आणि मोजणी बरोबर असते, अशा दोन-तीन पुरवठादारांपासून सुरुवात करा.

पिकिंगबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्याकडे मांडणी चुकली असावी असं मला वाटतंय. तुम्ही म्हणता की मालाचं ए-बी-सी वर्गीकरण केलेलं आहे आणि ‘ए’ माल पुढच्या गल्लीत आहे. हे वर्गीकरण कशावर केलं? ही पद्धत जनरल इलेक्ट्रिकमधल्या फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये मांडली ती पैशाच्या हिशोबाने, म्हणजे कोणत्या मालात जास्त रक्कम गुंतते आणि कुठे जास्त लक्ष द्यायचं ते ठरवण्यासाठी. अकाउंट्सकडून ती यादी आली आणि तीच गोदामात लावली, तर महागडा पण महिन्यातून दोनदा उचलला जाणारा ट्रिमर कमरेच्या उंचीवर पुढे बसतो आणि दिवसाला दोनशे ऑर्डर लाइनमध्ये (ऑर्डरमधल्या ओळींत) येणारा साबण मागच्या गल्लीत वाकून काढावा लागतो. जागा ठरवण्यासाठी पिकर त्या बिनपाशी किती वेळा जातो, तो आकडा घ्या. रक्कम नको आणि एकूण नगही नकोत, कारण एका खेपेत शंभर नग उचलले तरी चाल एकदाच होते. पिकरच्या वेळातला निम्म्याच्या आसपास भाग चालण्यात जातो. तुमच्याकडे नेमका किती जातो ते एक दिवस घड्याळ लावून बघा. सर्वाधिक वेळा लागणारा माल कमर ते खांदा या उंचीवर आणि स्टेजिंगच्या जवळ आणा. पण तो सगळा एकाच गल्लीत कोंबू नका, नाहीतर पिकर एकमेकांना अडतात. दोन-तीन गल्ल्यांच्या तोंडाशी वाटून लावा.

रिप्लेनिशमेंट, म्हणजे वरच्या रिझर्व्हमधून खालच्या पिकफेसवर (जिथून पिकर माल उचलतो त्या जागेवर) माल उतरवणं, हे काम बऱ्याच ठिकाणी पिकफेस रिकामं झाल्यावर सुरू होतं. तोवर पिकर शॉर्ट मारून (माल नाही अशी नोंद करून) पुढे गेलेला असतो आणि वर दोन पॅलेट भरलेली असतात. रात्रीच्या ऑर्डर दुपारीच हातात येतात ना? मग कोणतं पिकफेस कमी पडणार हे दुपारीच काढता येतं. पिकिंगची वेव्ह (ऑर्डरचा एक गठ्ठा) सोडण्याआधी तेवढं भरून घ्या. रीच ट्रकचे तास वाटून द्या: सकाळी फक्त पुटअवे, दुपारी ठरलेले दोन तास फक्त रिप्लेनिशमेंट. माझ्या शांपूच्या पॅलेटचं दुखणं अर्धं तरी इथलं होतं. एकाच ट्रकवर दोघांचा हक्क होता आणि जो जास्त ओरडेल त्याला तो मिळायचा.

आणखी रॅक नकोत असं म्हणाले त्याचं कारण आता सांगते. रॅक साधारण ८५ टक्क्यांच्या वर भरले की जवळची मोकळी जागा मिळेनाशी होते, माल मिळेल तिथे लागतो आणि एकच एसकेयू चार ठिकाणी विखुरतो. हा आमच्या कामातला जुना ठोकताळा आहे. तुम्ही त्या रेषेच्या वर असाल, तर आधी सहा महिने न हललेला माल आणि रिटर्नची पॅलेट बाहेर काढा. नवे रॅक लावलेत तर तेही याच मालाने भरतील. रिटर्नसाठी वेगळा कोपरा ठेवा आणि आलेल्या प्रत्येक खोक्याचा निर्णय दुसऱ्या दिवसापर्यंत लावा: परत विक्रीला, पुरवठादाराला की डॅमेजमध्ये.

मुदत असलेल्या मालाला आधी आलेला आधी हा नियम पुरत नाही. नंतर आलेल्या बॅचची मुदत आधी संपणारी असू शकते, म्हणून एक्स्पायरीच्या तारखेप्रमाणेच पिक लावा.

मोजणीसाठी गोदाम बंद ठेवू नका. पिकरने शॉर्ट मारला की त्याच शिफ्टमध्ये दुसऱ्या माणसाने ते बिन मोजायचं. सिस्टमप्रमाणे बिन रिकामं झालं की पिकरने तिथेच ‘खरंच रिकामं आहे’ असं स्कॅनरवर नोंदवायचं. रिकामं बिन मोजायला दोन सेकंद लागतात.

एक गोष्ट तुमच्या गोदामाच्या बाहेरची आहे, पण ती तुम्हालाच उचलावी लागेल. तुमची बहुतेक दुकानं ऑर्डर एकाच दिवशी टाकतात, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. मग तीन दिवस माणसं बसून राहतात आणि दोन दिवस कोंडी होते. शिवाय शॉर्टचा अनुभव आला की दुकानदार पुढच्या वेळी गरजेपेक्षा जास्त मागवतो, आणि ती फुगलेली मागणी खरी समजून खरेदी विभाग आणखी माल आणतो. हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साखळीतल्या या वाढत जाणाऱ्या हेलकाव्यांची कारणं मांडली, त्यात एकगठ्ठा ऑर्डर आणि तुटीच्या भीतीने केलेली जादा मागणी ही दोन्ही आहेत. दुकानांचे वार वाटून द्या. शॉर्ट कमी झाले की ऑर्डरही हळूहळू खऱ्या गरजेवर येतात, पण त्याला काही आठवडे द्यावे लागतात.

डिस्पॅचला फार काही करायचं उरत नाही. शेवटच्या दुकानाचा माल गाडीत आधी चढतो, म्हणून पिकिंगही त्याच उलट्या क्रमाने सोडा, म्हणजे स्टेजिंगला माल कमी वेळ उभा राहील. आणि पिकरना ताशी किती लाइन केल्या एवढ्या एकाच गोष्टीवर मोजू नका. तेवढंच मोजलं की चुकीचे पिक वाढतात आणि ते पुन्हा रिटर्नमधून तुमच्याच डॉकवर येतात.

उद्यापासून पाच दिवस रोज तीन पॅलेटच्या मागे एक माणूस लावा. उतरल्याची वेळ, जीआरएन, लेबल आणि बिन स्कॅन, या चार वेळा लिहून घ्या आणि मधे ते का उभं राहिलं ते एका शब्दात टिपा. ते पंधरा पॅलेटचे आकडे इथे टाका, मग पुटअवेला किती माणसं आणि किती ट्रक-तास लागतील ते आपण बसून काढू.