कानस खाली ठेव

अरे,

फोटो पाहिला. मे महिन्यात खणखणीत वाजणारा टंग ड्रम आषाढात कुरकुरायला लागला, पेटीच्या वरच्या फळीत चिरा पाडून केलेल्या वाजत्या जिभांपैकी मधल्या दोन एकमेकींना घासतायत, आणि तू विचारतोस, चिरा जरा रुंद करू का? नको. कानस खाली ठेव.

दुखणं चिरांत नाही, कडांत आहे. वरची फळी तू चारही बाजूंनी इपॉक्सी डिंकाने जखडलीस. 200 मिमी रुंद सागवानी फळी आपल्याकडच्या पावसाळ्यात आडवी दीड-दोन मिमी सहज फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. कडा धरलेल्या, मग ती फुगवट जाणार कुठे? शिरली चिरांत. आता त्या घासून मोकळ्या केल्यास, तर कोरड्या हवेत फळी आक्रसेल, कडा सोडणार नाहीत, आणि ती जिभेच्या मुळाशी फाटेल. लाकडाला जागा दे, बाबा.

मीही हेच केलंय. श्रावणात कुडाळात जोडलेला ड्रम नागपूरला पाठवला. एप्रिलमध्ये फोन आला, फळीला आरपार तडा. मी उलट विचारलं, "उन्हात ठेवला होतात का?" बिचारा ओशाळला. ऊन कसलं, माझाच डिंक होता. ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

तुमच्या घराचं जुनं दिलेदार दार बघ. चौकट घट्ट, पण आतला दिला खाचेत सुटा. फुगतो, आटतो, कुणाला पत्ता लागत नाही. तसंच कर. पेटीच्या बाजूंना आतून खाच पाड, दोन्ही अंगांना दीड-दीड मिमी मोकळं ठेव, आणि डिंक फक्त दोन्ही टोकांच्या मधोमध, बोटभर. खडखडेल म्हणतोस? खाचेत पातळ बुचाची पट्टी घाल.

पॉलिशचे चार हात देतो म्हणालास. दे, पण आतून-बाहेरून सारखे, नाहीतर फळी वळेल. पॉलिशने दमट हवा उशिरा शिरते, थांबत नाही. जागा द्यावीच लागते.

आणि आत्ता ट्यूनर लावून बसू नकोस. दमट हवेत जीभ जड होते, सूर थोडा उतरतो. टोक कापून चढवलास तर थंडीत आणखी चढेल.

माझ्या फळ्या वर्षवर्षभर माळ्यावर पडून असतात म्हणून लोक हसतात. "गणपतीआधी होयो" म्हणत आलेली गिऱ्हाइकं मी परत पाठवलीयत, घरात बोलणीही खाल्लीयत. सुट्या फळीचा आवाज जखडलेल्यापेक्षा जरा मऊ येतो, तेही कबूल. पण माझे ड्रम ज्येष्ठातही वाजतात आणि माघातही. घाई कित्याक?

रविवारी ड्रम घेऊन ये. इपॉक्सी गरम करून फळी सोडवू, पातळ सुरी माझ्याकडे आहे. कानस आणू नकोस.